पेरा कोणत्या भाताचा?

२०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला आला. २०२५ साली तोच २६ मे रोजी दाखल झाला. पावसाचा असा महिन्याचा फरक पडू लागला, तरी कोकणातल्या पेऱ्याचा विचार अजून मृगाच्या एकाच तारखेभोवती फिरतो.

गिरगावात, खोताच्या वाडीच्या आसपास ज्यांची कोकणात भातशेती आहे, त्या घरांतून गावी पहिला फोन पेऱ्यासाठीच होतो. बियाण्याचे, मजुरीचे पैसे इथून जातात, रजाही लावणीच्या अंदाजाने टाकली जाते. पण वाण कोणते घेतले, हे क्वचितच विचारले जाते.

कर्जत-३ सारखे हळवे भात ११०-११५ दिवसांत तयार होते. मेअखेर पेरले तर ते ऐन सप्टेंबरच्या पावसात पिकते. आडवे पडते, दाणे लोंबीतच रुजतात. निमगरव्या ‘जया’ वाणाला आणखी दोन-तीन आठवडे हवेत. त्याहून उशिरा पिकणाऱ्या गरव्या वाणाचा पेरा जुलैत गेला, की निसवताना खाचरातले पाणी आटलेले असते आणि दाण्याऐवजी पळींज हाती येते. जुन्या गरव्या जातींचे तर वेगळेच. पेरणी केव्हाही होवो, दिवस लहान होऊ लागले की त्या निसवतात. म्हणजे उशीर जितका, तितके वाढीचे दिवस कमी. फुटवे थोडे, लोंब्या आखूड.

तरव्याचे, म्हणजे लावणीच्या रोपांचेही तसेच. हळव्याची लावणी तीन आठवड्यांच्या आसपास उरकायला हवी; गरवा महिनाभर थांबतो. मुंबईची माणसे सुट्टी साधून पोचेपर्यंत हळव्याचा तरवा वाफ्यातच जून होतो. मग खाचर कितीही कसदार असो, तो फुटवा धरत नाही.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि १९१९ पासून भातावर काम करणारे कर्जतचे संशोधन केंद्र यांच्यापाशी हे सारे ज्ञान आहे. ते बियाण्याच्या पिशवीवर यावे: वाण किती दिवसांचे आणि कधीपर्यंत पेरायचे, ठळक अक्षरांत. पाऊस लांबला तर कोणते वाण धरावे, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयाने जूनमध्येच जाहीर करावे. उशिरा गरवे टाकण्यापेक्षा हळवे बरे, हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असते. त्यासाठी हळव्याचे बियाणे जुलै उजाडेपर्यंत दुकानात शिल्लक ठेवणे, एवढी जबाबदारी सरकारने घेतलीच पाहिजे.