ट्रॅक्टर कुणाचा?

बी.ई.ला आलं की प्रत्येक ग्रुपच्या नशिबी भांडण असतं. बहुतेकांचं प्रोजेक्टच्या विषयावरून होतं. आमचा विषय चटकन ठरला, लाकडाचे ओंडके फोडणारं हायड्रॉलिक मशीन. भांडण झालं ते पुढे. या मशीनला ताकद कुठून द्यायची? ट्रॅक्टरच्या पीटीओवरून, की स्वतःचं इंजिन बसवून? कॅन्टीनमध्ये तीन दिवस आणि निदान वीस कटिंग चहा या एका प्रश्नावर खर्च झाले. मी कट्टर ट्रॅक्टरवाला होतो. आज नाही. का, तेच सांगायचं आहे.

आधी माझं तेव्हाचं गणित. १०० मि.मी. बोअरचा सिलिंडर आणि १७५ बार दाब घेतला की जोर मिळतो साधारण १४ टन. पंप मिनिटाला २५ लिटर तेल देणारा धरला, तर ६० सें.मी.चा स्ट्रोक ११ सेकंदांत पुरा होतो. पूर्ण दाबाला तेलातली ताकद होते ७.३ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की शाफ्टवर ८.६ किलोवॅट, म्हणजे साडेअकरा एचपी लागतात. एवढं इंजिन विकत कशाला घ्यायचं? गावात ३५-४० एचपीचे ट्रॅक्टर आहेतच की! पीटीओचे ५४० आरपीएम, मध्ये एकास तीनचा गिअरबॉक्स, पंपाला १६२० फेरे मिळाले. एक इंजिन वाचलं, एक टाकी वाचली, कॉस्ट शीट एकदम हलकी. एक्स्टर्नल खूश!

गाईड सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लाकडं फोडणाऱ्याला भेटलात का?"

नव्हतो भेटलो.

मग रविवारी गावाजवळच्या वखारीत गेलो. काका बाभळीच्या ओंडक्यात पाचर ठोकून वर घण घालत होते. आमची ड्रॉइंगची गुंडाळी त्यांनी ओंडक्यावर पसरायला लावली, नीट बघितली आणि म्हणाले, "मशीन झ्याक हाय. पन ट्रॅक्टर कुनाचा?"

"भाड्यानं आणायचा, काका."

काका हसले. "आरं पोरा, मला घाई कवा? एप्रिल-मे. पावसाच्या आत लोकं जळण भरत्यात. त्याच दिसांत ट्रॅक्टरवाल्यांची नांगरट. त्याच्या आधी थंडीत ते उसाच्या फडावर. माझ्या चार ओंडक्यांसाठी कोन थांबतंय? आन् आला, तरी तो म्हनंल तवा आन् तो म्हनंल त्या दरानं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाब, बोअर, आरपीएम सगळं बरोबर होतं, पण मशीनचा मालक कोण हे कागदावर कुठेच नव्हतं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याला पीटीओचं मशीन देणं म्हणजे बैल नसलेल्याला नांगर देणं. मशीन त्याचं, पण ते कधी चालणार हे दुसऱ्याच्या हातात!

होस्टेलवर येऊन पुन्हा गणित मांडलं, तेव्हा दुसरी चूक सापडली. पूर्ण स्ट्रोकभर पूर्ण दाब लागतो असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात पातं लाकडापर्यंत जाताना दाब जवळजवळ नसतोच. ओंडका तडकला की तो पुन्हा उतरतो. जोर लागतो तो मधल्या थोड्या वेळात. यासाठी दोन टप्प्यांचा पंप असतो. ४० बारपर्यंत तो मिनिटाला ४० लिटर तेल देतो, दाब त्यावर चढला की आपोआप १० लिटरवर येतो, असं धरा. दोन्ही टप्प्यांना तेलातली ताकद लागते तीन किलोवॅटच्या आत. म्हणजे शाफ्टवर पाच एचपीपेक्षाही कमी! गाठाळ लाकडात पातं हळू जाईल एवढंच. थोडी शिल्लक धरून सहा एचपीचं डिझेल इंजिन पुरे. आणि एवढ्या कामासाठी मी ४० एचपीचा ट्रॅक्टर तासन् तास चालू ठेवणार होतो!

आता सुरक्षेचं. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टच्या जोडाचा व्यास १० सें.मी. धरला तर तो सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वर कापड ओढून घेतो. खांद्यावरचा टॉवेल किंवा साडीचा पदर अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर गार्ड असतं, पण ते काढून कोपऱ्यात टाकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. मळणी यंत्रांवर एवढे हात गेले की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

अर्थात स्वतःचं इंजिन लावलं म्हणून मशीन साधुसंत होत नाही. पट्ट्याला जाळी तिथेही हवी. आणि पात्याला काय, ताकद कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही. एक जण ओंडका धरतो आणि दुसरा लिव्हर ओढतो, बोटं जातात ती तिथे. म्हणून आम्ही दोन लिव्हर ठेवलेत. दोन्ही हात लिव्हरवर असल्याशिवाय पातं पुढे सरकत नाही. आणि चालवणारा एकटाच, मदतीला दुसरा नको.

मग पीटीओ वाईट का? मुळीच नाही. ज्याच्या दारात स्वतःचा ट्रॅक्टर आहे आणि वर्षाकाठी आठ-दहा दिवसच लाकडं फोडायची आहेत, त्यानं वेगळं इंजिन घेऊच नये. वर्षभर पडून राहिलेलं इंजिन ऐन कामाच्या दिवशी हँडल मारून मारून खांदा उतरवतं. नोझल जाम, डिझेल खराब. ट्रॅक्टर निदान रोज चालू होत असतो. त्यानं खुशाल पीटीओ वापरावा, फक्त गार्डसकट.

म्हणजे ट्रॅक्टर की इंजिन, याचं उत्तर आधी वखारीत शोधावं लागतं. टेक्स्टबुक त्यानंतर. आपल्या सिनॉप्सिसच्या फॉरमॅटमध्ये कॉस्ट आहे, एफिशिएन्सी आहे, फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे. 'हे कोण वापरणार आणि त्याच्याकडे काय आहे?' हा रकाना नाही. तो असावा असं माझं स्पष्ट मत आहे. टी.ई.च्या मित्रांनो, पुढच्या वर्षी तुमची पाळी. विषय कुठलाही घ्या, पण ड्रॉइंग फायनल करायच्या आधी एक रविवार बाहेर काढा. आम्ही तो उशिरा काढला आणि सगळ्या शीट्स पुन्हा काढत बसलो!