पाच नद्यांच्या गावचे सूर

पौष वद्य पंचमी. तंजावरजवळच्या तिरुवैयारु गावी, कावेरीच्या काठावर शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि एका सुरात पाच कृती गातात. ही संत त्यागराजांची आराधना. 1847 साली याच गावी त्यांनी देह ठेवला.

तिरुवैयारु म्हणजे पाच पवित्र नद्यांचे गाव. इथल्या संगीतातही असेच अनेक प्रवाह येऊन मिळाले आहेत. गाव तमिळ, पण त्यागराजांची मातृभाषा तेलुगू. त्यांच्या पंचरत्न कृतींपैकी पहिली संस्कृतात, उरलेल्या चार तेलुगूत. आणि त्या काळी तंजावरच्या गादीवर होते आपले भोसले! शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापलेली ही गादी 1855 पर्यंत टिकली. 1799 नंतर कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तरी सरफोजी राजांच्या दरबारात कलावंतांचा मान कमी झाला नाही.

मराठ्यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राचे कीर्तनही कावेरीकाठी पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्याचा साज घेऊन हरिकथा घडवली. म्हणूनच तिकडच्या हरिकथेत आपली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग भेटतात. आज कर्नाटक संगीताच्या मैफलीत हमखास दिसणारे व्हायोलिन तर थेट युरोपातून आले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांनी ते आपलेसे केले. खुद्द मुत्तुस्वामींनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले.

परभाषा सामावल्या, परदेशी वाद्य सामावले. दार बंद राहिले ते घरच्याच स्त्रियांना! बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी घराण्यातल्या नामवंत गायिका. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित पडल्याचे कळताच त्यांनी आपल्या कमाईतून तिथे मंदिर उभारले. 1925 साली ते पूर्ण झाले. तरीही आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. नागरत्नम्मा रुसून घरी बसल्या नाहीत. त्यांनी समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. पुढे सारे गट एकत्र आले आणि स्त्री-पुरुष शेजारी बसून गाऊ लागले.

1952 साली नागरत्नम्मा गेल्या. त्यांची समाधीही तिथेच, त्यागराजांच्या सान्निध्यात आहे. अमुक संगीत अस्सल आमचेच, असा वाद घरात निघाला, तर या गावाची आठवण जरूर काढावी. नदी मोठी होते, ती येईल त्या ओढ्याला वाट दिल्यानेच.