'स्थानिक' अन्न म्हणजे कोणाच्या शेतातले?

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद आहे आणि भाजीबाजारही आहे. जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या शाळांच्या पोषण आहाराचा कारभार पहिल्या ठिकाणाहून चालतो. त्याच खेड्यांतली मेथी, वांगी, शेवगा दुसऱ्या ठिकाणी येतो. या दोघांची गाठ शाळेच्या ताटात का पडत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

२०२१ मध्ये केंद्राने योजनेचे नाव बदलून 'पीएम पोषण' केले. तेव्हाच सांगितले गेले की स्थानिक धान्य-भाजीला, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि महिला बचत गटांना प्रोत्साहन देऊ. प्रोत्साहन म्हणजे पैसा नव्हे, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १ मे २०२५ पासूनचा दर बघा. पहिली ते पाचवीच्या एका लेकराला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. यात डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी आणि जळण. नियमाने पहिली-पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि २० ग्रॅम डाळ मिळायला हवी. आजच्या बाजारात हा हिशेब कोणत्याही आईने करून पाहावा.

तांदूळ तेवढा केंद्राकडून फुकट येतो, अन्न महामंडळाच्या गोदामातून. मराठवाड्याच्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या लेकरांना रोज भात! २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजवले, फलक लावले, फोटो काढले. ताट मात्र भाताचेच राहिले.

अंड्याचे तर त्याहून वाईट झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. अंडे ही तर खेड्यात, चार कोंबड्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईच्या दारात मिळणारी सर्वांत स्थानिक गोष्ट. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्यासाठीचा निधी बंद केला. अंडे द्यायचेच असेल तर शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत म्हणे. हे 'लोक' कोण? गावात देणगी देण्याची ऐपत ज्यांची, त्यांच्याच हातात ताटात काय पडेल हे ठरवणे आले. ज्यांना अंड्याचा विटाळ वाटतो ते वर्गणी का देतील? आमच्या लेकरांची प्रथिने सोवळ्याच्या मर्जीवर आणि दानाच्या पेटीवर सोडली गेली. शाळेतले जेवण हक्क म्हणून मिळाले आहे. २८ नोव्हेंबर २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, कोणाची खैरात नाही.

इथे काही पुरोगामी मित्र म्हणतात, मग स्थानिक खरेदीची मागणी करू या. करू या, पण डोळे उघडे ठेवून. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या याच स्थानिकपणावर कठोर बोट ठेवले होते. त्यामुळे 'स्थानिक' शब्द ऐकून आम्ही हुरळत नाही. शाळेला भाजी विकायची तर विकणारा आधी शेतकरी ठरला पाहिजे, आणि शेतकरी ठरवायला सातबारा मागतात. गायरान कसणाऱ्याकडे तो कुठून येणार? १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी त्यासाठी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी मराठवाड्यात गायरानधारक अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. मग 'स्थानिक खरेदी' झाली तर ती बागायतदाराच्या मळ्यातून होईल. त्याच्याच भाऊबंदाच्या टेम्पोने माल येईल, आणि रोजंदारीवर तो तोडायला आमचीच माय जाईल.

दुसरीकडे हे करून दाखवले आहे. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला की शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतले किमान ३० टक्के कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च झाले पाहिजेत. त्यातही प्राधान्य कोणाला? भूसुधारणेत जमीन मिळालेल्यांना, आदिवासींना आणि गुलामगिरीतून निसटलेल्यांच्या वंशजांच्या वस्त्यांना. तिथे ही गोष्ट कायद्यात लिहिली. आमच्याकडे लिहायला गेले की 'जेवणात जात आणू नका' असा उपदेश सुरू होतो. जेवणात जात कोणी आणली? दलित बाईने शिजवलेले अन्न मुलांना खाऊ न देणारे पालक देशात अनेक ठिकाणी बातम्यांत आले, ते कोणत्या समाजाचे होते? म्हणूनच तर २० एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की स्वयंपाकी-मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या.

आमचे म्हणणे एवढेच की हेच प्राधान्य चुलीपासून शेतापर्यंत न्या. भाजी, डाळ, ज्वारी आणि अंड्यांसाठी लोकसहभागाची भाषा सोडून अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करा. तिच्यातला ठरावीक हिस्सा गायरानधारक, दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेतून जमीन मिळालेली कुटुंबे आणि भूमिहीन महिलांचे बचत गट यांच्याकडूनच घ्यायचा, असा शासन निर्णय काढा. सातबाऱ्याऐवजी ग्रामसभेचा दाखला किंवा कसत असल्याचा पंचनामा चालवा. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. उधारी सोसण्याची ताकद ठेकेदारात असते, दोन पाट्या मेथी विकणाऱ्या बाईत नसते. आणि चुलीपाशी बसणारीला विसरू नका. केंद्राने तिचे मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य वरून भर घालते, पण केंद्राचा आकडा तिथेच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी दोनच गोष्टी विचारून इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: या महिन्यात भाजी कोणाकडून घेतली, आणि अंडे का बंद आहे. त्या इतिवृत्ताच्या नकला गावागावांतून गोळा करून जिल्हा परिषदेत दाखल करायच्या आहेत.