उत्तेजन कशाचे?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतील दवाखान्यांच्या दारांत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बॅगा घेऊन ताटकळत असतात. विक्रीचे लक्ष्य गाठणाऱ्याला बक्षीस मिळते आणि पुढल्या खेपेस लक्ष्यच वाढते. व्यवस्थापनशास्त्र यालाच प्रेरणा म्हणते! वस्तुतः औषधाचा खप रोगमान आणि डॉक्टरांची लेखणी ठरवते. त्या अनिश्चिततेचा भुर्दंड मात्र प्रतिनिधीच्या मिळकतीवर पडतो. १९७६ च्या विक्रीसंवर्धन कर्मचारी कायद्याने लेखी नेमणूकपत्र आणि सेवाकाळाच्या किमान एक-अकरांश भरपगारी रजा हा हक्क ठरवला. कामाचा हुरूप अशा निश्चिंतीतून येतो, चषकांतून नव्हे. मूळ वेतन पुरेसे असावे आणि लक्ष्ये संघटनेशी वाटाघाटी करूनच ठरावीत, ही मागणी विदर्भातील कार्यकर्त्यांनी आता हाती घ्यावी.