एका मिनिटात फोन चार्ज होणार? सुपरकपॅसिटरच्या बातम्यांमधला गाळलेला हिशेब

भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने शोध लावला, आता लॅपटॉप एका मिनिटात आणि इलेक्ट्रिक कार दहा मिनिटांत चार्ज होणार, असा मेसेज मे २०२४ मध्ये तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. शास्त्रज्ञ खरे, संशोधनही खरं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठातले अंकुर गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यातून आयन कसे फिरतात याचं गणित मांडलं होतं. सुपरकपॅसिटर समजून घ्यायला ते महत्त्वाचंच आहे. पण ते गणित होतं. त्यात कुठलाही फोन चार्ज झाला नव्हता.

मग हे कधीतरी होईल का? आधी साधा गुणाकार करून पाहू.

५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. ती एका मिनिटात भरायची तर चार्जरमधून ११०० वॉटहून जास्त वीज जायला हवी, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीएवढी. ५० वॉट-तासांच्या लॅपटॉपला ३००० वॉट लागतील, म्हणजे दीड गीझर. ४० किलोवॉट-तासांची कार दहा मिनिटांत भरायला २४० किलोवॉट, म्हणजे ५ किलोवॉटची जोडणी असलेल्या ४८ घरांचा एकत्र भार. आत कोणतंही साधन बसवलं तरी ही वीज तारेतूनच यायची आहे.

दुसरी अडचण वजनाची. बाजारातला सुपरकपॅसिटर एका किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तास साठवतो. फोनची लिथियम बॅटरी जे काम ७०-८० ग्रॅममध्ये करते, त्यासाठी २ ते ४ किलोचा सुपरकपॅसिटर लागेल. खिशात नाही, पिशवीत घेऊन फिरावं लागेल!

मग त्याचं एवढं कौतुक का?

कारण तो भरतो काही सेकंदांत आणि टिकतो प्रचंड. लिथियम बॅटरी काही हजार वेळा चार्ज केली की दमते. सुपरकपॅसिटर पाच-दहा लाख वेळा भरता-रिकामा करता येतो. बॅटरीत आयन पदार्थाच्या पोटात शिरतात, बाहेर येतात आणि त्या ये-जा करण्यात पदार्थ झिजतो. सुपरकपॅसिटरमध्ये ते कार्बनच्या पृष्ठभागाला फक्त चिकटतात. त्यासाठी सच्छिद्र कार्बन वापरतात, ज्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. शांघायमध्ये २००६ पासून अशा बस धावल्या. थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत बस वरच्या तारेला टेकून वीज भरून घ्यायची आणि पुढच्या थांब्याकडे निघायची. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडणं, पवनचक्कीची पाती वळवणं, क्रेन, वीज गेल्यावर काही क्षण यंत्र जिवंत ठेवणं ही त्याची खरी कामं.

पण ऊर्जा कमी ती कमीच. ती वाढवण्यासाठी संशोधक धातूंच्या ऑक्साइडकडे वळले.

जांभळी पूड आणि तपकिरी डाग

१९७१ मध्ये रुथेनियम ऑक्साइडचा पातळ थर कपॅसिटरसारखा वागतो हे दिसून आलं. इथे आयन पृष्ठभागाला नुसते चिकटत नाहीत, तिथे झटपट रासायनिक देवाणघेवाणही होते, त्यामुळे साठा वाढतो. १९९५ मध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या रुथेनियम ऑक्साइडने ग्रॅममागे ७२० फॅरडचा आकडा दिला. पण रुथेनियम हा प्लॅटिनमच्या कुटुंबातला दुर्मीळ धातू. तो बसमध्ये वापरायचा तर बसपेक्षा इलेक्ट्रोड महाग.

१९९९ मध्ये जॉन गुडइनफ (ज्यांना पुढे लिथियम बॅटरीसाठी नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्वस्त पर्याय दाखवला: मँगनीज डायऑक्साइड. हा पदार्थ तुम्ही पाहिलेला आहे. विहिरीत टाकायच्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटने हाताला जो तपकिरी डाग पडतो, तो हाच. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड खनिज ड्राय सेलसाठी वापरलं जातं.

गुडइनफ यांना मिळालेला आकडा होता ग्रॅममागे सुमारे २०० फॅरड. कागदावरच्या हिशेबाने मात्र तो १३०० च्या वर जायला हवा. उरलेलं कुठे गेलं? मँगनीज डायऑक्साइडमधून वीज फार कष्टाने वाहते. त्यामुळे वरचा अगदी पातळ थर काम करतो आणि आतला सगळा माल नुसता बसून राहतो. नॅनोची गरज इथे पडते. कण इतके बारीक करायचे, पापुद्र्यांसारखे, तारांसारखे किंवा फुलासारखे, की 'आतलं' असं फारसं काही उरूच नये.

ते बनवायच्या रीती ऐकून नवल वाटेल, कारण त्यातल्या काही जवळजवळ घरगुती आहेत. केमिकल बाथ पद्धतीत धातूच्या क्षाराचं द्रावण काचेच्या भांड्यात गरम करायचं, त्यात स्टीलची पट्टी उभी ठेवायची; ऑक्साइड हळूहळू पट्टीवर बसतं. 'सिलार' पद्धतीत पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खळबळायची. प्रत्येक फेरीला एक अतिपातळ थर, अशा कितीतरी फेऱ्या. हायड्रोथर्मल पद्धत म्हणजे टेफ्लॉनचं अस्तर लावलेला पोलादी प्रेशर कुकर, भट्टीत काही तास. तापमान, वेळ किंवा आम्लता थोडी बदलली की पापुद्र्यांच्या जागी सुया उगवतात.

यात कोल्हापूरचं नाव मोठं आहे. शिवाजी विद्यापीठातले प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महागड्या निर्वात यंत्रांशिवाय, याच साध्या रासायनिक पद्धतींनी ऑक्साइडचे थर बनवण्याचं काम अनेक वर्षं केलं. त्यांचा २०११ सालचा धातू-ऑक्साइड सुपरकपॅसिटरवरचा आढावा या विषयात पुढे भरपूर वापरला गेला. कमी पैशांत विज्ञान म्हणून याची चेष्टा करणारेही भेटतात. मला उलट वाटतं: ज्या पद्धतीला निर्वात कक्ष लागत नाही, तीच उद्या कारखान्यात परवडण्याची शक्यता जास्त.

ग्रॅम कशाचे मोजले?

आता मुख्य मेख. शोधनिबंधात 'ग्रॅममागे १००० फॅरड' असं लिहिलेलं असतं तेव्हा तो ग्रॅम फक्त ऑक्साइडचा असतो. समजा, ५० मायक्रॉन जाडीच्या स्टीलच्या पत्र्यावर एका चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम थर बसवला. त्याच चौकोनातला पत्रा भरतो सुमारे ४० मिलिग्रॅम. पत्र्यासकट मोजलं की १००० चे १२ फॅरड होतात! शिवाय खऱ्या साधनात इलेक्ट्रोड दोन लागतात. ते एकामागे एक जोडलेले असल्याने क्षमता निम्मी आणि वजन दुप्पट, म्हणजे आकडा आणखी चौथाईवर. वर द्रावण, विलगक आणि डबा.

हे कुणाचं पितळ उघडं पाडणं नाही. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमाँ यांनी 'सायन्स' नियतकालिकात २०११ मध्येच हे उघडपणे लिहिलं होतं. बाजारातल्या इलेक्ट्रोडवर एका चौरस सेंटिमीटरला साधारण १० मिलिग्रॅम माल असतो. त्याच्या विसाव्या हिश्श्यावर मिळालेला आकडा जाड थरात टिकत नाही. थर जाड केला की आयनांना आत पोहोचायला वेळ लागतो. बोल्डरचं ते छिद्रांचं गणित उपयोगी पडतं ते नेमकं इथेच, फोनच्या मथळ्यात नाही.

आणखी एक घोळ निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा. त्यांचे आकडे डोळे दिपवतात, पण ती मुळात बॅटरीसारखी वागतात. त्यांना फॅरडमध्ये मोजणंच चूक, असा आक्षेप २०१५ मध्ये या क्षेत्रातल्याच लोकांनी घेतला. बॅटरीसारखं वागलं की पाच लाख फेऱ्यांची हमी धरता येत नाही.

भारतात काय चाललंय?

केरळ सरकारच्या केल्ट्रॉनने २०२४ मध्ये कन्नूरला इस्रोच्या तंत्रज्ञानावर सुपरकपॅसिटरचं उत्पादन केंद्र सुरू केलं. जगभरच्या बाजारात मात्र आजही बहुतेक सुपरकपॅसिटर कार्बनचेच आहेत. ऑक्साइडपुढचा मोठा अडसर व्होल्टेजचा. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. कार्बनचे सेंद्रिय द्रावणातले सेल २.७ व्होल्टपर्यंत जातात. ऑक्साइड बहुधा पाण्याच्या द्रावणात चालतात आणि तिथे एकाच प्रकारचे दोन इलेक्ट्रोड लावले तर १ व्होल्टच्या आसपास थांबावं लागतं. म्हणजे क्षमता सारखी असली तरी ऊर्जा सात पटींनी कमी.

यावर एक वाट सापडली आहे. एका बाजूला मँगनीज डायऑक्साइड, दुसऱ्या बाजूला कार्बन, मध्ये साधं क्षारयुक्त पाणी. असे सेल प्रयोगशाळांत २ व्होल्टपर्यंत चालवून दाखवले आहेत. पाण्यावर चालत असल्याने ते पेट घेत नाहीत. फोनसाठी ते तरीही जडच पडतील. गर्दीच्या बसमध्ये, सीटखाली, जिथे दोन-चार किलोंचं कुणाला काही वाटत नाही आणि आगीचं मात्र फार वाटतं, तिथे त्यांना जागा आहे. त्यासाठी तो तपकिरी थर दहा मिलिग्रॅमचा करून, लाखो फेऱ्यांनंतरही पत्र्यावरून न सुटता राहायला हवा.