गाडीवरची पारदर्शक फिल्म : घ्यावी का, जपावी कशी?

मार्चमध्ये आमच्या दारात नवी गाडी आली. पाच वर्षांचं कर्ज काढून घेतलेली, त्यामुळे पहिले आठ दिवस सासरे, म्हणजे आमचे अब्बा, दिवसातून चारदा अंगणात जाऊन तिच्यावर हात फिरवून येत. गाडी घेतानाच एकाने सुचवलं, "पूर्ण गाडीला पीपीएफ करून घ्या, ओरखडा उठणार नाही." आकडा ऐकून मी यांच्याकडे पाहिलं. मुलीच्या बारावीच्या क्लासची फी जवळजवळ तेवढीच होती.

पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक, लवचीक फिल्म. चांगली फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते आणि साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड असते. उडालेल्या खड्याचा मार ती स्वतः खाते. बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. खिळ्याने खोल ओढलेली रेघ मात्र भरत नाही. सिरॅमिक कोटिंग हा वेगळा प्रकार. तो द्रवाचा अगदी पातळ थर, त्याने गाडी धुवायला सोपी जाते, पण खडा अडत नाही. दुकानात दोन्ही नावं एका दमात घेतात, म्हणून सांगितलं.

आम्हाला घाई करू दिली नाही ती मामूंच्या गाडीने. त्यांनी स्वस्तात मिळते म्हणून फिल्म लावली, ती निघाली पीव्हीसीची. दोन उन्हाळ्यांत पांढरी गाडी चहा सांडल्यासारखी पिवळी झाली. काढायला नेली तर बॉनेटचा रंगही फिल्मबरोबर सोलून आला, कारण बॉनेट आधी एकदा बाहेर रंगवलेलं होतं. कंपनीचा मूळ रंग सहसा असा निघत नाही, वरून मारलेला निघू शकतो. "फुकटात असती तरी महागच पडली असती," मामू म्हणाले.

आम्ही रत्नागिरीकडचे, रोज महामार्गावर खडीच्या डंपरमागून जाणारे. मार बसतो तो पुढे. म्हणून बंपर, बॉनेट, आरसे, हेडलाइट आणि दारांच्या मुठींमागची खोलगट जागा, एवढ्यालाच फिल्म लावली. खर्च निम्म्याहून खाली आला. छताला आणि मागच्या दारांना कशाला हवी, हे मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही.

लावताना यांनी सुट्टी टाकली आणि समोर बसून राहिले. ते बरंच झालं. खोली बंद आणि धूळ नसलेली हवी, कारण आत अडकलेला कण कायम दिसतो. साबणाचं पाणी फवारून फिल्म सरकवतात, मग रबरी पट्टीने पाणी बाहेर काढतात. फिल्म मशीनवर मापाने कापून आणलेली असावी. गाडीवर ठेवून ब्लेडने कापली तर रेघ रंगात उतरते आणि आमच्या खाऱ्या हवेत पत्र्याला तिथून गंज धरू शकतो. बिलावर फिल्मचं नाव, टीपीयू हा शब्द आणि वॉरंटी लिहून घ्या.

पहिल्या दिवसांत पाण्याचे बारीक फुगे दिसतात. ते आपोआप सुकतात. आमचे चिरंजीव टाचणी घेऊन निघाले होते, वेळेवर पकडले. आठवडाभर गाडी धुवायची नाही. नंतर सौम्य कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरचं कापड, बस. कपड्यांची पावडर आणि डाग काढायला रॉकेल, दोन्ही नकोत. धुण्याच्या केंद्रात जोराच्या पाण्याचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू देऊ नका, कड उचलली की आत माती शिरते. कावळ्याची विष्ठा आणि आंब्याचा चीक उन्हात वाळायच्या आत ओल्या कापडाने भिजवून पुसा, घासू नका. गाडी आम्ही आता आंब्याखालून हलवली आहे, सावली गेली तरी.

मे महिन्यात बॉनेटवर खडा बसला. फिल्मवर तांदळाएवढा खड्डा पडला, खालचा रंग शाबूत. अब्बांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. आता फक्त त्यांचं ते जुन्या लुंगीचं फडकं तेवढं सुटत नाही. सकाळी ते कोरडंच घेऊन निघतात आणि मी ते काढून घेऊन हातात मायक्रोफायबर देते.