कायदा मंत्र्याला आवरतो, की मंत्री कायद्याला?

कायद्यापुढे सर्व समान, हे अभिवचन राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदाने आपणांस दिले आहे. परंतु वाचकहो, तपासाची पावले सत्ताधाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली म्हणजे हे अभिवचन किती टिकते, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? बीड जिल्ह्याने तो मांडून ठेवला आहे. तो प्रत्येक घरात वाचला गेला पाहिजे.

६ डिसेंबर २०२४. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. चैत्यभूमीवर लाखो माणसे नतमस्तक होत होती, त्याच दिवशी केज तालुक्यातील मस्साजोग येथे पवनचक्की कंपनीच्या एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख त्याच्या मदतीला धावले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचे अपहरण झाले व त्यांची अमानुष हत्या करण्यात आली. कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागितल्याचा आरोप पुढे आला, आणि आरोपपत्रात मुख्य आरोपी म्हणून वाल्मिक कराड याचे नाव आले. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवील. परंतु हा इसम त्या वेळचे राज्याचे मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटचा सहकारी होता, ही गोष्ट जिल्ह्यात कोणापासून लपलेली नव्हती.

मग काय झाले? जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची बदली झाली. कराड ३१ डिसेंबरला पुण्यात सीआयडीपुढे शरण आला. फेब्रुवारीअखेर आरोपपत्रही दाखल झाले. मंत्री मात्र पदावर होते! ३ मार्च २०२५ रोजी हत्येची छायाचित्रे लोकांपुढे आली, सारा महाराष्ट्र हादरला, आणि ४ मार्चला राजीनामा आला. हत्येनंतर ८५ दिवसांनी. ३ मार्च आणि ४ मार्च यांच्यामध्ये कोणता नवा कायदा झाला होता? कोणताही नाही. कायदा होता तोच होता. बदलली होती ती लोकांची सहनशक्ती.

येथे काही महाभाग विचारतील की, मुंडे या खटल्यात आरोपी नाहीत, मग त्यांनी पद का सोडावे? ते आरोपी नाहीत, हे खरेच आहे, आणि राजीनामा देताना त्यांनी सद्सद्विवेकबुद्धी व प्रकृती हीच कारणे सांगितली. परंतु प्रश्न त्यांच्या अपराधाचा नाही; प्रश्न तपासाच्या स्वातंत्र्याचा आहे. ज्या पोलिसाची बदली व बढती सरकारच्या हाती, त्याने त्याच सरकारातील मंत्र्याच्या निकटवर्तीयाचा तपास निर्भयपणे करावा, ही अपेक्षा भाबडी आहे. साक्षीला उभ्या राहणाऱ्या गरीब माणसाने तर कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

दुसरे म्हणतात, कायदा आपले काम करील. कोणता कायदा? घटनेच्या ३६१ व्या अनुच्छेदाने पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे ते राष्ट्रपतींना व राज्यपालांना, मंत्र्याला नाही. परंतु तपास चालू असता मंत्र्याने पायउतार व्हावे, असेही कोठे लिहिलेले नाही. १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्री राज्यपालांच्या मर्जीने, म्हणजेच व्यवहारात मुख्यमंत्र्यांच्या मर्जीने पदावर असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत १३० वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले. गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचे पद जावे, असा त्याचा आशय. पण कोठडीत कोणाला टाकावे, हे ठरविणारी यंत्रणाच ज्याच्या मुठीत, तो हे हत्यार विरोधकांवर उगारील आणि आपल्या माणसाला अटकच होऊ देणार नाही.

अमेरिकेकडे पाहा. १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्ष निक्सन यांना ध्वनिफिती हजर करण्यास एकमताने फर्माविले व पंधरवड्याच्या आसपास त्यांना पद सोडावे लागले. त्याच न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी अध्यक्षाला अधिकारपदाच्या कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण बहाल केले. घटना तीच, न्यायालय तेच! कागदावरील अक्षरे आपण होऊन कोणाचा हात धरीत नाहीत.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. घटनात्मक नीती ही उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले. आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला. बीडमध्ये नेत्याच्या गाडीमागे धावणाऱ्या तरुणांनी हा इशारा ऐकला असता तर?

तिसरे आपल्याच वस्तीतले आहेत. ते म्हणतात, हे मराठा-वंजारी भांडण, आपल्याला काय त्याचे? बंधुभगिनींनो, हे बोलणे आत्मघातकी आहे. पहिला मार आपल्या माणसाला बसला होता, हे विसरता काय? आणि त्याच्यासाठी धावून आला तो सरपंच आपल्या जातीचा नव्हता. त्याने जात पाहिली नाही. आपण ती पाहून गप्प बसणार काय?

म्हणून हक्क माहीत करून घ्या. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण बौद्ध धर्म स्वीकारल्याने जात नाही. कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कलम ४ प्रमाणे कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा, लोकसेवक शिक्षेस पात्र आहे. कलम १५-अ प्रमाणे पीडिताला व साक्षीदारांना संरक्षण मिळण्याचा, जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, दहाजण मिळून जा. फिर्यादीची प्रत घेतल्याशिवाय परतू नका. साक्षीदाराच्या घरी रात्री सोबतीला राहा.

मंत्र्याला आवरणारा कायदा पुस्तकात अर्धाच आहे. उरलेला अर्धा तुमच्या ताठ मानेत आहे. ती मान पुढाऱ्यापुढे वाकवाल, तर पुस्तकातला अर्धाही हातचा जाईल!